आधी घंटा, मग पाऊल: घानाचे आग्बाजा आणि आदोवा शिकायचे तर

कॉलेजच्या गॅदरिंगच्या पत्रिकेत 'आफ्रिकन डान्स' असं लिहिलेलं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. पुढे काय येणार ते ठाऊक असतं. तोंडाला काळं फासलेली पोरं, कमरेला पालापाचोळा, हातात पुठ्ठ्याचे भाले आणि 'झिंगालाला'. टाळ्याही पडतात. त्या पोरांचा दोष कमीच, कारण हा नाच नीट शिकायचा कसा हे मराठीत कोणी लिहिलेलंच फारसं सापडत नाही. म्हणून हा लेख. नाचणाऱ्यांसाठी आहेच, पण नुसतं बघायचं असेल तरी चालेल. त्यांनी घामाच्या पायऱ्या गाळाव्यात.

'आफ्रिकन' हा शब्द खोडा

पहिलं काम कागदावरचं. पश्चिम आफ्रिकेत डझनावर देश आहेत आणि एकेका देशात कितीतरी भाषा. 'भारतीय नाच' म्हटल्यावर लावणी, कथकली आणि बिहू यांतलं नक्की काय कळतं? तसंच हे. एकटा घाना घेतला तरी उत्तरेकडच्या दागोम्बा लोकांचा बामाया आहे. त्यात पुरुष घागऱ्यासारखा पोशाख घालून कंबर हलवतात, आणि पावसासाठी पुरुषांनी एकदा बायकांचा वेष घेऊन देवाची करुणा भाकली अशी कथा त्यामागे सांगतात. अक्रा शहरातल्या गा तरुणांचा क्पानलोगो आहे, आणि तो १९६०च्या आसपासचा. म्हणजे 'पारंपरिक' म्हणून दाखवला जाणारा हा नाच आपल्या मराठी सिनेमापेक्षा वयाने लहान! त्या वेळी तिथल्या वडीलधाऱ्यांना तो असभ्य वाटला होता. आता तो सगळीकडे शिकवतात.

कोणताही नाच निवडताना चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा: हा कोणत्या लोकांचा? कोणत्या प्रसंगी नाचतात? नाचणारे कोण, वाजवणारे कोण? आणि नाचणाऱ्याला हुकूम कोणतं वाद्य देतं? चारांपैकी दोनच उत्तरं मिळाली तर तो नाच अजून मंचावर आणू नका.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडे कोणी ना कोणी म्हणतंच, "अहो, आपल्या जंजिऱ्याचे सिद्दी आहेत की!" सिद्दींचं मूळ प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेतलं. गुजरातच्या सिद्दींची गोमा किंवा धमाल ही त्यांची स्वतःची गोष्ट आहे, घानाच्या नाचांशी तिची सरमिसळ करू नये.

या लेखासाठी मी दोन नाच घेतो. एवे लोकांचा आग्बाजा आणि आसान्ते लोकांचा आदोवा. पहिल्यातून पाय आणि पाठ शिकता येते, दुसऱ्यातून हात. उच्चाराची अडचण मराठी माणसाला नाही. आग्बाजामधला 'जा' हा 'जावई'तला, 'जीभ'मधला नव्हे. इंग्रजीतून शिकणारे इथेच अडखळतात.

हा नाच कुठून आला

एवे लोक घानाच्या आग्नेय कोपऱ्यात, शेजारच्या टोगोत आणि बेनिनमध्ये राहतात. आग्बाजाचं मूळ आत्रिक्पुई नावाच्या युद्धनृत्यात आहे. लढाया संपल्या, नाच उरला आणि मऊ झाला. आज तो मयताच्या विधीत दिसतो, लग्नात दिसतो, सणात तर असतोच. बायका-पुरुष, म्हातारे-पोरं, कोणीही उतरू शकतं. आपल्या दिंडीतल्या पावलीसारखा, येईल त्याला सामावून घेणारा.

एव्यांपैकी आन्लो लोकांची एक आठवण इथे सांगायलाच हवी. त्यांचे पूर्वज नोत्से नावाच्या तटबंदीच्या गावात, आगोकोली या जुलमी राजाच्या अमलाखाली होते. बायकांनी भिंतीच्या एकाच जागी रोज सांडपाणी ओतून माती मऊ केली, एका रात्री ढोलांच्या गजरात भिंत फोडली, आणि लोक बाहेर पडले ते उलटे चालत. पावलांचे ठसे गावाकडे जाताना दिसावेत म्हणून. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आन्लोगा गावात होग्बेत्सोत्सो हा सण या सुटकेच्या आठवणीत होतो. त्यातल्या मिसेगो नाचात ती उलटी पावलं अजून आहेत, आणि 'मिसेगो' म्हणजे 'कंबर कसून बांधा'. एखाद्या नाचात माणसं मागे का सरकतात, याला असंही उत्तर असू शकतं. म्हणून मंचावर 'छान दिसतं' एवढ्यासाठी एका नाचातली हालचाल उचलून दुसऱ्यात घालू नये.

घंटा

आता खरं काम. माझं प्रामाणिक मत असं की पहिले दोन आठवडे कोणी नाचूच नये. फक्त घंटा.

गांकोगुई ही लोखंडाची जोडघंटा. एक मोठी, एक लहान, एकाच दांड्याला जोडलेल्या आणि काठीने वाजवायच्या. ती मिळाली नाही तर वेगवेगळ्या आवाजाचे दोन लोखंडी तुकडे घ्या. सुरुवातीला लोखंडी कढई आणि उलथनंही चालतं, घरच्यांची हरकत नसेल तर.

एका आवर्तनात १२ मात्रा. घंटेचे ठोके ७, आणि ते या मात्रांवर पडतात: १, ३, ५, ६, ८, १०, १२. पहिला ठोका मोठ्या घंटेवर, खालच्या सुरात. बाकीचे सहा लहान घंटेवर. तोंडाने म्हणा:

टण् – टिं – टिं टिं – टिं – टिं – टिं

शेवटचा 'टिं' आणि पुढचा 'टण्' लागून येतात, मध्ये जागा नाही. पाचव्या-सहाव्या मात्रेचेही तसेच लागून. बाकी सगळीकडे एक मात्रा रिकामी.

पाय मात्र वेगळं बोलतात. ते पडतात १, ४, ७, १० वर, म्हणजे तीन-तीनच्या चार घरांत. घंटा आणि पाय यांची गाठ पडते फक्त पहिल्या आणि दहाव्या मात्रेवर. मधली दोन पावलं घंटेशिवाय, रिकाम्या जागेत टाकायची. सगळी गंमत आणि सगळी रड इथे आहे.

इथे सगळ्यात जास्त कोण चुकतं सांगू? तबला शिकलेली मंडळी. बारा मात्रा ऐकून ती खूश होतात, "एकताल!" एकतालाचे विभाग दोन-दोनचे सहा, आणि घंटेचे पहिले तीन ठोकेही १, ३, ५ असे दोन-दोनच्या अंतरावर. पाय नकळत त्या सहाच्या चालीत जातात आणि मग अख्खा नाच घसरतो. मी ताशा वाजवणारा माणूस, मलाही हे सुटायला महिना लागला.

सराव असा करा:

१. घंटेचा विचार न करता खोलीत चाला. एका पावलाला मनात 'एक-दोन-तीन' मोजा. दहा मिनिटं.

२. बसून फक्त तोंडाने घंटा म्हणा. पाय हलवू नका.

३. चालत चालत तोंडाने घंटा. पहिल्या दिवशी जमणार नाही. पाय घंटेमागे पळायला लागले की थांबा, पुन्हा पहिल्या पायरीवर या.

४. दोघं मिळून करा. एकाने घंटा वाजवायची, दुसऱ्याने चालायचं. वाजवणाऱ्याने मध्येच बोलायला लागायचं, काहीही, आज भाजी काय केली इथपासून. चालणाऱ्याने उत्तरं द्यायची. गप्पा मारताना पाऊल टिकलं की समजायचं, घंटा अंगात मुरली.

चौथी पायरी गंमत म्हणून लिहिलेली नाही. हे नाच लहान मुलं आईच्या पाठीवर बांधलेली असताना अंगात घेतात, मोजून नाही. आपल्याला मोजावं लागतं, पण मोजणं एक दिवस गळून पडलं पाहिजे.

यानंतर अहात्से हातात घ्या. हा मण्यांची जाळी गुंफलेला वाळका भोपळा. घंटेच्या ठोक्याला मांडीवर खाली आपटायचा, मधल्या मोकळ्या जागेत वर दुसऱ्या तळहातावर. भोपळा नसेल तर मसूर भरलेली प्लास्टिकची बाटली. मांडी लाल होते, सांगून ठेवतो.

ढोलांचं घर

आग्बाजात तीन ढोल असतात. लहान कागानु दर दोन पावलांमधल्या पोकळीत आपल्या दोन-दोन थापा भरत राहतो, शेवटपर्यंत तेच. किदी हा मधला. आणि सोगो हा मुख्य. सोगो बोलतो, किदी उत्तर देतो. लाकडी फळ्यांचे हे ढोल आकाराने पिंपासारखे असतात, कातडं खुंट्यांनी ताणलेलं.

एवे भाषेत ढोलाला 'व्हु' म्हणतात, आणि गाणं-वाजवणं-नाचणं मिळून जो सगळा प्रसंग होतो त्यालाही व्हुच. आपल्याला हे परकं वाटू नये. संगीत म्हणजे गीत, वाद्य आणि नृत्य तिन्ही, अशी व्याख्या आपल्याकडेही जुनी आहे. आपण मधल्या काळात ती विसरलो आणि नर्तकाला रेकॉर्डिंगवर सोडून दिलं.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच: नाच 'बसवायचा' नसतो. 'आठ वेळा ही स्टेप, मग ती' असा हिशोब केला की सोगो वाजवणाऱ्याला कामच उरत नाही. सोगोने बोल बदलला की नाचणाऱ्याने अंग बदलायचं. लेझीम पथकात हलगीवाल्याच्या इशाऱ्यावर खेळ बदलतो, तसंच. तालमीत सोगोवाल्याला सांगून ठेवा की इशारा दर वेळी वेगळ्या आवर्तनानंतर दे. नाचणारे पाठांतरावर आहेत की कानावर, लगेच उघडं पडतं.

पाठ

आग्बाजाची ओळख पाठीत आहे. पंख फडफडवणाऱ्या पक्ष्याची उपमा देतात ती यावरूनच.

अनवाणी उभे राहा. शक्यतो सतरंजीवर, कारण नुसत्या फरशीवर गुडघे बोंबलतात. पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, गुडघे सैल, कमरेतून थोडं पुढे झुकलेलं अंग. कोपरं वाकवून बाजूला, मनगटं मोकळी. आता प्रत्येक पावलाच्या ठोक्याला खांद्याची दोन्ही पाती मागे जवळ आणा आणि सोडा. छाती किंचित उघडते, मिटते. कोपरं त्या पाठोपाठ आपोआप हलतात, ती वेगळी हलवायची नसतात. उलटं केलं, म्हणजे हात फडफडवले आणि पाठ तशीच ठेवली, तर कोंबडी दिसते.

आरशासमोर सरळ न उभं राहता आडवं उभं राहा, म्हणजे पाठ दिसेल. मान झटकू नका. पहिले काही दिवस हालचाल बोटभरच ठेवा. दुसऱ्या दिवशी खांद्यांच्या मध्ये दुखलं तर बरोबर चाललंय, मानेत किंवा कमरेत दुखलं तर चुकतंय.

पावलं लहान, घासती. जमिनीपासून उंच उडण्याची हौस आपल्याकडे फार असते. इथे वजन खाली जातं. एखादी सत्तरीची बाई जेमतेम इंचभर खांदे हलवत नाचते आणि सगळे तिच्याकडेच बघतात, कारण तिची घंटा एका केसानेही हलत नाही.

जोडीने ढोलांच्या दिशेने पुढे यायचं, थोडं नाचायचं, मागे फिरायचं, दुसऱ्यांना जागा द्यायची. एवढाच आराखडा.

आदोवा: हात काय बोलतात

आता मध्य घानात, कुमासीच्या आसपासच्या आसान्ते लोकांत या. आदोवा हे एका लहानशा हरणाचं नाव. कथा अशी सांगतात की आब्रेवा तुतुवा नावाची राजमाता आजारी पडली, देवाने जिवंत हरीण मागितलं, ते आणायला रानात गेलेल्या माणसांनी हरणांची विलक्षण हालचाल पाहिली आणि परत येऊन तिची नक्कल केली. आजही हा नाच प्रामुख्याने बायकांचा आहे आणि त्याचं मुख्य ठिकाण म्हणजे अंत्यविधी. दुखवट्याला नाचणं आपल्या अंगावर काटा आणणारं वाटेल. पण तिथे दुःख सांगायला जिभेपेक्षा हात पुरेसे मानतात, आणि नाचून जाणं हा दुःखी घराला दिलेला आधार असतो. आपल्याकडेही भजन म्हणत अंत्ययात्रा निघतेच.

पाय सोपे आहेत: गुडघे मऊ, छोटी सरकती पावलं, अंग किंचित एका बाजूला कललेलं. सगळी भाषा हातांत. काही खुणा इथे देतो, आणि त्या भरतनाट्यमच्या मुद्रांसारख्या ताठ करू नका. मनगट वाहतं राहिलं पाहिजे.

दोन्ही हात डोक्यावर: माझं माणूस गेलं, मी पोरकी झाले.

एक किंवा दोन्ही हात आकाशाकडे: माझी भिस्त देवावर.

उजवी तर्जनी हळूच डोक्याला: हा विचार करण्याचा मामला आहे.

उजवी तर्जनी उजव्या डोळ्याखाली: मी काही बोलत नाही, काय होतं ते बघते.

दोन्ही हात आत गुंडाळत आणून शेवटच्या ठोक्याला उजवा हात झटकन बाहेर: दोरांनी बांधाल तरी तोडून टाकीन.

शेवटची खूण बघा. तिचा अर्थ ठोक्यावर टांगलेला आहे. हात अर्धी मात्रा उशिरा गेला तर दोर तुटतच नाही. म्हणून आदोवाही घंटेपासूनच शिकायचा. इथली घंटा होडीच्या आकाराची, नाव दाउरो. सोबत काखेत दाबून सूर चढवता-उतरवता येतो असा दोन्नो, आणि सगळ्यांवर आतुम्पान.

आतुम्पान ही ढोलांची जोडी, एक खर्जातला, एक चढा. आसान्त्यांची ट्वी भाषा (उच्चार 'च्वी'कडे झुकणारा) सुरावर चालते. तेच अक्षर वर म्हटलं की अर्थ एक, खाली म्हटलं की दुसरा. म्हणून दोन सुरांचा ढोल वाक्यं बोलू शकतो. तो नाचणारीला बोलावतो, तिच्या घराण्याची बिरुदं सांगतो, धीर देतो. ती हातांनी उत्तर देते. ट्वी न येणाऱ्या आपण काय करायचं? शिकवणाऱ्याकडून दोन-तीनच बोल पक्के करून घ्या: बोलावणं, नमस्कार, समाप्ती. पंधरा खुणा घाईत दाखवण्यापेक्षा तीन बोलांना तीन बरोबर उत्तरं द्यावीत. रेकॉर्डिंगवर सराव चालेल. आदोवाचा प्रयोग रेकॉर्डिंगवर करू नये, असं मी म्हणेन, कारण मग नाचणारी एकटीच बोलत बसते.

रिंगणातली रीत

उतरण्याआधी ढोलवाल्यांना आणि ज्येष्ठांना वाकून नमस्कार. काही घ्यायचं-द्यायचं ते उजव्या हाताने, हे मराठी घरात शिकवावं लागत नाही. रिंगण मात्र लक्षात ठेवा. एव्यांच्या गाहूसारख्या गोलातल्या नाचात मंडळी घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट. सवयीने पाय चुकीकडे वळतात.

आदोवा आवडला की बघणारी पुढे येऊन नाचणारीच्या डोक्यावर उजव्या हाताची दोन बोटं धरते. ही दाद. कोणी रुमाल हलवतं, घाम पुसतं. कोणी कपाळावर नोट चिकटवतं. याला दौलतजादा म्हणायचा मोह होईल, पण फर्माइशीचा सूर त्यात नाही. लोकांसमोर दिलेलं ते कौतुक आहे. नोट पडली तरी नाच थांबवून उचलायची नसते, मागचं कोणी गोळा करतं.

कपडे

मराठी मंडळी हमखास चुकतात ती इथे. लाल रंग आपल्याकडे कुंकवाचा, शालूचा. आसान्त्यांकडे लाल आणि काळा हे दुखवट्याचे. गडद लाल तर जवळच्या माणसाच्या दुःखाचा. पांढरा तिकडे आनंदाचा आणि आभाराचा. तेव्हा आनंदाच्या प्रसंगी आदोवा करत असाल तर लालभडक कापड आणू नका. शिक्के उमटवलेलं आदिंक्रा कापडही मुळात निरोपाचं. केंते हे समारंभाचं विणलेलं कापड, आणि छापील नक्कल स्वस्तात मिळते. ती वापरली तर 'केंते' म्हणून मिरवू नका, एवढंच. साधा, एका रंगाचा सुती कपडा छातीपासून गुंडाळला आणि डोक्याला रुमाल बांधला तरी पुरेसं आहे. तोंड रंगवणं, हाडांच्या माळा, कवट्या: काही नाही.

मंचावर

१९६२ मध्ये घानाने आपलं राष्ट्रीय नृत्यपथक उभं केलं, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच होता. गावात रात्रभर चालणारा प्रसंग दहा मिनिटांत, एका बाजूने बघणाऱ्या प्रेक्षकांसमोर कसा मांडायचा? संगीताचे अभ्यासक क्वाबेना न्केतिया आणि नृत्यरचनाकार मावेरे ओपोकु यांनी त्यावर काम केलं. म्हणजे छाटणी करणं पाप नाही. काय छाटलं हे माहीत असावं.

माझ्या तीन सूचना. ढोल विंगेत लपवू नका, मंचावर मागे मधोमध ठेवा आणि नाचणाऱ्यांना प्रेक्षकांकडे पाठ करून ढोलांकडे वळू द्या. पाठ दिसणं हा आग्बाजाचा गुणच आहे. दुसरं, समाप्ती सोगोवाल्याच्या हातात द्या, स्टॉपवॉचच्या नाही. आयोजकांना 'सात ते नऊ मिनिटं' असं सांगून मोकळे व्हा. तिसरं, दोन्ही नाच एका दमात जोडू नका. मध्ये वाजवणारे बदलू द्या, घंटा बदलू द्या.

निवेदन एका मिनिटाच्या आत. असं काहीसं: "हा एवे लोकांचा आग्बाजा, घानाच्या आग्नेय भागातला. पूर्वी युद्धाचा होता, आता सुखदुःखात सगळे नाचतात. आम्ही तो अमुक महिने शिकतो आहोत. त्यानंतर आसान्ते बायकांचा आदोवा, मुळात दुखवट्याचा. त्यात हात काय म्हणतात ते बघा." शिकवणाऱ्याचं नाव सांगा. आणि निवेदक माइकवर असतानाच मागे घंटा हळू सुरू करा. त्याचं बोलणं संपेपर्यंत पहिल्या रांगेतल्या दोन-चार जणांचे पाय हलायला लागतात. बहुतेक सहाच्या चालीत.